बोट झाकण्याआधीचे तीन ठोके

आधीच सांगून टाकतो... भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. वसईला घरी कोणी असले किस्से सुरू केले की मी सरळ ताट घेऊन जेवायला बसायचो. या ग्रुपवरसुद्धा दोन वर्षं नुसता वाचत होतो आणि मनात म्हणत होतो, काय एकेक थापा मारतात लोक! आता माझीच पाळी आलीय. हसायचं तर हसा.

मी पास्कल. दुबईच्या पुढे उम्म अल कुवैनला खाडीकाठच्या एका बोट यार्डात एकोणीस वर्षं मेकॅनिक आहे. थंड देशांत हिवाळ्यात बोटी बांधून ठेवतात ना, आमच्याकडे सगळं उलटं. हिवाळा म्हणजे सीझन, आणि जून ते सप्टेंबर ऑफ-सीझन. उन्हाळ्यात समुद्रावर जाणार कोण, भाजून निघायला? म्हणून उन्हाळा लागला की बोट बाहेर काढायची, स्टँडवर चढवायची, इंजिनातून गोडं पाणी फिरवायचं, बॅटरी काढायची, तळाचं बूच काढून स्टीअरिंगला बांधायचं. शेवटी वरून जाड कव्हर टाकून दोरीने आवळायचं. खलास.

पण कव्हर आवळायच्या आधी मी एक गोष्ट करायचो. ही बाबांची सवय. बाबा मच्छीमार. पावसाळ्याआधी होडी वाळूवर ओढून माडाच्या झापांनी शाकारायचे, तेव्हा शेवटचं झाप टाकण्याआधी होडीच्या फळीवर तीनदा ठोकायचे आणि मोठ्याने विचारायचे, "आत कोण हाय काय?" का, तर पोरं लपाछपी खेळताना आत जाऊन बसायची, मांजरी पिल्लं घालायच्या. बाबांचं मधलं बोट कधीतरी जाळ्याच्या दोरात सापडून वाकडं झालेलं. दोन ठोके मारले की ते दुखायचं, मग हात झटकायचे आणि तिसरा मारायचे. ठक, ठक... ठक. तिसरा नेहमी उशिरा.

बाबा गेले तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. मी त्यांची मयत मोबाइलवर बघितली, अजमानच्या रूमवर, कानात इअरफोन घालून. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तर या वर्षी आमच्याकडे नवा सुपरवायझर आला. मला ठोकताना बघून सगळ्यांसमोर म्हणाला, "क्या अंकल, भूत से परमिशन ले रहे हो?" सगळे खो खो हसले. माझा पारा चढला, पण खरं सांगू? लाजही वाटली. पन्नाशीचा माणूस, आणि बोटीला विचारतोय आत कोण आहे! दुसऱ्या दिवसापासून ठोकणं बंद केलं.

आता गुप्ते साहेबांचं सांगतो. त्यांची बोट आमच्याच यार्डात असते. दुबईत त्यांचा ट्रेडिंगचा धंदा, तिथेच अल मनखूलला घर. दर सुट्टीला ते आणि वहिनी बोटीवर यायचे. वहिनी माझ्यासाठी आठवणीने डबा आणायच्या, थर्मासमध्ये चहा असायचा. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मुलगा टोरांटोला. तेव्हापासून साहेब एकटेच यायचे, पण बोट पाण्यात घालायचे नाहीत. स्टँडवरच्या बोटीत तासभर बसून परत जायचे. या जूनमध्ये म्हणाले, "पास्कल, शेवटचं बांध हिला. सप्टेंबरात विकून टाकू."

"बरं साहेब," म्हटलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते. सव्वाबाराला साहेब म्हणाले, "चल, निघतो रे. यल्ला, सांभाळ." मी त्यांना गेटकडे जाताना बघितलं. गाडी बाहेर, भिंतीपलीकडे. मी वर्कशॉपमध्ये दोरी आणायला गेलो, आलो, कव्हर ओढलं. तिकडून सुपरवायझर "ब्रेक! ब्रेक!" म्हणून ओरडत होता. भराभर दोरी आवळली, शिडी काढली. ठोकलं नाही.

सगळे बसने रूमवर जेवायला गेले. मी जात नाही. तिथे कोण वाट बघतंय? बायको वसईला, लेक बंगलोरला. ऑफिसच्या केबिनमध्ये एसी लावून एकटाच जेवतो. त्या दिवशी बोंबलाचं कालवण होतं. दुसरा घास तोंडात, आणि आवाज आला.

ठक, ठक... ठक.

मला वाटलं, उन्हाने पत्रा तडतडतोय. पुन्हा आला. आता माझा हात थांबला. यार्डातल्या सगळ्या बोटी फायबरच्या. फायबरवर ठोकलं की पोकळ आवाज येतो. हा आवाज लाकडाचा होता — तेल पिऊन जड झालेल्या सागाच्या फळीचा. आमच्याकडे एकही लाकडी बोट नाही हो!

उष्ट्या हाताने बाहेर आलो. चिटपाखरू नाही. डोळे उघडवत नव्हते एवढं ऊन. दोन रांगा ओलांडल्या, आणि तिसऱ्यांदा आवाज आला तो गुप्ते साहेबांच्या बोटीपाशी. मी ओरडलो, "आत कोण आहे का?" शिडी लावली, चाकूने दोरी कापली. तोंडावर भट्टीची वाफ आली.

साहेब खालच्या केबिनमध्ये आडवे पडलेले. तोंड लालबुंद, अंग कोरडं, डोळे अर्धे उघडे. उशाशी वहिनींचा थर्मास. कसं ओढून वर आणलं ते माझं मला माहीत. नळीने पाणी मारत राहिलो, ॲम्ब्युलन्सला फोन केला, आणि लहान पोरासारखा रडत होतो. माझ्या हाताने बांधून घातलं होतं मी त्यांना.

साहेब वाचले. दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये भेटलो, पाय धरायला गेलो तर ओरडले माझ्यावर. म्हणाले, "गेटवरून परत आलो रे, थर्मास राहिला होता. शिडी चढलो, चक्कर आली, म्हणून जरा टेकलो. पुढचं काही आठवत नाही."

"पण साहेब, तुम्ही ठोकलंत ना?"

"हात उचलायची ताकद नव्हती."

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "पपा, व्हॉट वेअर यू इव्हन डूइंग देअर?" साहेब म्हणाले, "काही नाही रे, सामान आणायला गेलो होतो." फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात कोणी हाक मारत नाही, पास्कल. तिथे बसलं की वाटतं, आत्ता ही हाक मारेल."

मी खूप डोकं लावलंय. उन्हाने पत्रे वाजतात, मान्य. मनाचे खेळ असतात, तेही मान्य. पण लाकूड कुठून आलं? आणि तिसरा ठोका उशिरा का? वाकड्या बोटाचं मी इथे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, पण थट्टा नको.

साहेबांनी बोट विकायचं रद्द केलंय. दर सुट्टीला फोन येतो, "ठोकतोस ना रे?" ठोकतो. सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारतो. सुपरवायझर आता मुकाट्याने बाजूला उभा राहतो. बाबांच्या शेवटच्या वेळी हाक मारायला मी तिथे नव्हतो, आणि ते मात्र... जाऊ दे. ठोकून झालं की दोरी आवळायच्या आधी मी हल्ली जरा जास्तच वेळ थांबतो. आत कोणी नाही हे माहीत असतं, तरी.