तुळईतले भुंगे

लग्न होऊन कन्हेरीला आले, तेव्हा आमच्या ओसरीची तुळई भुंगे पोखरत होते. ताटात भुसा, केसांत भुसा! मामंजी काठी फिरवत भुंग्यांवर ओरडायचे आणि मधूनमधून आमच्यावरही. त्यांचा आवाज चढला की माझ्या हातातलं भांडं निसटलंच म्हणून समजा.

एका दुपारी इंदापूरहून बारामतीला पायी निघालेला एक सुतार पाणी प्यायला थांबला. पाणी राहिलं बाजूला. गडी बाजेवर चढला, तुळईला कान लावला आणि भजन ऐकावं तसे डोळे मिटून डोलू लागला. मग तोंडापुढं घिरट्या घालणारा भुंगा त्यानं चक्क मुठीत धरला! मी किंचाळले. तो मूठ कानाशी नेऊन खुदुखुदु हसत होता.

“आबा, काठी ठिवा,” तो मामंजींना म्हणाला. “ह्यो नर हाय. तोंडापुढं नुसता घुमतो, ह्याला नांगीच न्हाय. नांगी मादीला. ती गुमान आत काम करती.”

सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मामंजींची काठी हवेतच राहिली.

सुतारानं भुंगे बाहेर पडल्यावर भोकं चुन्यानं लिंपली, त्यांच्यासाठी गोठ्यात पोकळ बांबू टांगला आणि तो वाटेला लागला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी भाकरीला उशीर झाला म्हणून मामंजी ओसरीवरून कडाडले. मी दचकून सासूबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून भाकरी थापत होत्या.

“घुमू देत गं,” त्या हळूच म्हणाल्या. “तू भाकर उलट.”