कोळशाची बोटं

आमच्या घुग्घुसच्या एका किराणा दुकानात खाणीतला एक कामगार पाळी सुटली की यायचा. हात कोळशाने काळे. दुकानदाराची मशीन खराब होऊ नये म्हणून तो कार्ड पुढे करायचा आणि पिन तोंडानेच सांगायचा, सगळ्यांदेखत. मग कोणीतरी कार्डाची नक्कल केली, खातं साफ झालं, आणि लोक त्यालाच येडा म्हणून हसले.

परवा त्याने तळहाताचा आडोसा करून स्वतः बटणं दाबली. नंतर गळ्यातल्या दुपट्ट्याने ती घासून घासून पुसली.

"राहू द्या भाऊ, मशीन आमी पुसतो," दुकानदार गोड बोलला.

"मशीन नाई पुसून राह्यलो," तो म्हणाला. "चार बटनाईले माहा कोळसा लागला. तुमाले तेवढाबी पुरते."