तिचा नंबर

बायको वारल्यावर घरात तिच्या फोनचाच आवाज उरला. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस. माझा फोन क्वचितच वाजतो. तिचा मात्र दिवसातून दोनतीनदा वाजे आणि दर वेळी मी पुस्तक पालथं घालून उठे. संदेश तिच्यासाठी नसत. दारव्ह्याच्या वाटेवर आमच्या गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथले मोबाइल पुरुषांच्या खिशात. म्हणून बायकांनी रेशनपासून घरकुलापर्यंत सगळीकडे हिचाच नंबर दिलेला.

बोंडअळीची ती वर्षं. हाती लागेल तेवढा कापूस वेचायला बायका दिवसभर वावरात असत. ग्रामसभा भरे दुपारी. माणसं पुरी होत नसत, सभा तहकूब होई आणि पुढे मोजक्या पुरुषांतच उरके. म्हणून हिनं फोनवरून सरकारकडे तक्रार करायचं शिकून घेतलं. संध्याकाळी तांड्यावरच्या कडुलिंबाखाली ती मजकूर मोठ्यानं वाची, बायका हात वर करत, मगच ती बटण दाबे. एकटीनं तिनं कधी काही पाठवलं नाही. मी इकडे ताटावर तिची वाट पाहत असे, जरा वैतागूनच.

महिनाअखेर तो नंबर बंद होऊ द्यायचा, असं मी ठरवलं होतं. दचकणं सोसेना. तेवढ्यात तांड्याच्या हापशीचा संदेश आला. दुरुस्ती झाली आहे. समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. आज उत्तर न आल्यास तक्रार बंद होईल. सुरुवातीला 'श्रीमती' आणि तिचं नाव.

हापशीवर गेलो. बराच वेळ दांडा हलवला. ओंजळभर लाल पाणी आलं, मग नुसती हवा. दोन तिथेच दाबता आलं असतं. दाबवेना. तसाच वावराकडे निघालो.

कमरेच्या ओटीत कापूस भरत बायका पुढे सरकत होत्या. मी संदेश वाचून दाखवला. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्क बाई म्हणाली, "मंग दाबा नं गुरुजी. इतक्या उन्हात इचारायले कायले आले?"

"ती विचारायची."

"हो. इचारू इचारू डोकं खाये आमचं."

दोघीतिघी हसल्या. मग म्हातारीनं हात वर केला. कपाशीच्या ओळीओळींतून एकेक हात वर आला, काहींच्या मुठीत कापूस तसाच. म्हातारीनं लुगड्याला बोट पुसलं, दोनचा आकडा कुठला ते विचारलं आणि दाबला.

उत्तर लगेच आलं. पुन्हा 'श्रीमती', पुन्हा तिचं नाव, आणि तक्रार पुन्हा उघडल्याचं.

"काय म्हन्ते?" म्हातारीनं विचारलं.

"पुन्हा बघायला येतील."

"मंग नंबर चालूच ठेवा. आमचा दुसरा नाही."

घरी परतताना बांधावर फोन वाजला. कोणाच्या तरी रेशनचं होतं. मी त्या बाईचं नाव नीट वाचलं आणि परत वावराकडे वळलो.