कबुतराचं रक्त

सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. सिडकोतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सिस्टर मंजुषा ओल्या कापसाने मल्हारीचा डावा हात घासत होत्या. सुईसाठी शीर सापडत नव्हती. कोपरापासून बोटांपर्यंत वाळलेल्या काळपट रक्ताचा थर होता, त्यात बारीक पिसं चिकटलेली.

"हे काय फासलंय?"

"कबुतराचं रगत, ताई," मल्हारीचा धाकटा भाऊ शिवशंकर म्हणाला. "लकव्याला लई गुणकारी. गरम-गरम लावलं. दोन कापली."

चोपन्न वर्षांचा मल्हारी वेरूळच्या पुढच्या वस्तीवर शेळ्या राखतो. बरं वाटतंय म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्याने बीपीच्या गोळ्या सोडल्या. पहाटे सहाला शेळी पिळताना डोकं धरून आडवा झाला. तोंड वाकडं, डावी बाजू लुळी. शिवशंकरने त्याला आधी एका बाबाकडे नेलं. त्यात पाच तास गेले.

"लकवा हातात नाय, भाऊ," मंजुषा म्हणाल्या. "सीटी स्कॅनमध्ये दिसलंय. डोक्यात नस फुटलीय. तुमचा तो बाबा गेल्या महिन्यात छातीत दुखलं तेव्हा कबुतर शोधत बसला नाय. थेट इथं आला."

मंजुषा बिडकीनहून येतात. या वॉर्डात सतरा वर्षं झाली. रक्त फासून आलेला हा यंदाचा चौथा रुग्ण. पू, विष्ठा, उलटी यांचं त्यांना काही वाटत नाही. हा वास मात्र हातावरून जात नाही.

बारा पंचवीसला मल्हारी ओकला. हाक मारल्यावर उघडणारे डोळे आता चिमटा काढला तरच उघडत होते. मंजुषांनी टॉर्च मारला. उजवी बाहुली मोठी झाली होती.

सर्जन डॉ. करुणा धावत आल्या. "रक्ताची गाठ मेंदू दाबतेय. आत्ता कवटी उघडली तर जीव वाचू शकतो. हातापायाचं सांगता येत नाही. सही करा."

शिवशंकरने मोबाइल काढला. "थांबा, बाबाला इचारतो."

शिवी गिळून मंजुषांनी संमतीपत्र पुढे केलं.

"ठेव त्यो फोन!" मल्हारीची बायको आक्काबाई पुढे आली. "सकाळ तुझ्या कबुतरानं खाल्ली. द्या बाई, कुठं करायची सही?"

एक दहाला त्याला आत घेतलं. चारला बाहेर आणलं तेव्हा दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. डावा हात-पाय हलत नव्हता.

मंजुषांनी तिसऱ्यांदा साबणाने हात धुतले. डबा उघडलाच नाही.

उद्या सकाळी आठला मल्हारीचा पुन्हा सीटी स्कॅन आहे. तोवर दर तासाला बाहुल्या आणि बीपी.