फेस पुसायचा कागद

सलूनच्या बाकावर कालचं सांजदैनिक पडलेलं होतं. शेवटच्या पानावर, रोजच्यासारखीच, एक जवळजवळ उघडी मुलगी. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी ते पान मांडीवर पसरलं आणि म्हणाले, "घरात लेकीसुना असतात. बंदच करायला हवं हे." पलीकडचा तरुण वाकून बघत म्हणाला, "तिनं राजीखुशीनं फोटो काढून घेतलाय ना, काका? मग आपल्याला काय त्रास?" वाद रंगत गेला. दोघांचीही नजर मात्र पानावरून हलत नव्हती.

माझा नंबर आला. सलूनवाल्यानं मास्तरांकडून ते पान मागून घेतलं, टराटरा फाडलं आणि वस्तऱ्याचा फेस पुसायला एक तुकडा माझ्या खांद्यावर ठेवला. आरशात पाहिलं, तर त्या तुकड्यावर तिचा नुसता चेहरा होता. फार तर विशीची असेल. हसू ओठांपुरतंच, आणि भुवईवर लहानपणी पडल्याची जुनी खूण.

मास्तरांचंही लक्ष गेलं. "ही कोण हो?" त्यांनी विचारलं.

"असेल कुणीतरी," तरुण म्हणाला.

इतका वेळ दोघं तिच्यावरूनच तर भांडत होते. उद्या बंदी आली तर ती कुणाला दिसणार नाही. आणि नाही आली, तरी दिसणार नाहीच.

सलूनवाल्यानं पहिला फेस तिच्या भुवईवर पुसला. दुसऱ्या गालासाठी त्यानं नवा कागद घेतला नाही. त्या चेहऱ्यावर अजून जागा होती.