सत्तेचाळीस की चोपन्न

त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणत, आणि त्याला त्याचा कधी राग आला नाही. शिकलेला माणूस होता हो! पण आपल्या टायरच्या दुकानात तो टायरच्या कडेवरचे उठावाचे आकडे अंगठ्याने वाचायचा. गिऱ्हाईक मोबाईलचा उजेड पाडून डोळे ताणतंय तोवर हा मोकळा: "ऐंशी रुंदी, शंभर टक्के उंची, अठराची रिम. पुढचं बोल!" लोकांना मोठी गंमत वाटे. खरं सांगायचं तर दीड वर्षापासून त्याच्या डोळ्यांपुढे धुकं होतं, आणि हे त्याने घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं.

त्या सकाळी त्याने सुनेच्या मोटरसायकलचं मागचं टायर बदललं. ती पाण्याचे जार पोचवायची. मागे लोखंडी चौकट, तीत पाच जार. नुसतं पाणीच शंभर किलो. टायर चढवलं, कडेवरचा बाण चाक फिरतं त्याच दिशेला आहे ना ते चाचपलं आणि तिला वाटेला लावलं.

अर्ध्या तासाने टपालवाला आला.

"काका, पुढचं टायर हवंय. ऐंशी-शंभर-अठरा."

खुंटीवर त्या मापाचं एकच उरलं होतं. टपालवाल्याने कड निरखली. "मापापुढे चोपन्न आहे हो. माझ्या जुन्यावर सत्तेचाळीस."

"काय म्हणालास?"

"चोपन्न! एवढं ढळढळीत लिहिलंय."

त्याने अंगठा चोळला. सकाळी पंक्चर काढताना लागलेल्या सोल्युशनचा थर त्यावर वाळून बसला होता. सकाळी खुंटीवर दोन टायरं होती, एक चोपन्नचं, एक सत्तेचाळीसचं. दोन्हींचं माप एक, नक्षी एक. फरक फक्त टायर किती भार पेलतं त्या आकड्यात. चोपन्न म्हणजे दोनशे बारा किलो, सत्तेचाळीस म्हणजे एकशे पंच्याहत्तर. म्हणजे सुनेच्या मागच्या चाकाला हलकं टायर गेलं होतं.

त्याने सुनेला फोन लावला. वाजून वाजून थांबला. गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही, ही शिस्त त्यानेच तिला लावलेली. पहिली फेरी टेकडीपलीकडच्या दवाखान्याची. चढ संपला की नुसता वळणांचा उतार.

"तुझी गाडी काढ. टेकडीवर चल, लवकर!"

"अहो, तुमची आहे की दारात. न्या ना."

"मला रस्ता दिसत नाही रे."

टपालवाला हसला, आणि ते हसू तोंडातच विरलं. त्याने गाडीला किक मारली. चढावर गाडी धापा टाकत होती आणि म्हातारा त्याच्या कानाशी सारखा विचारत होता, "दिसतेय का? निळे जार दिसतायत का?"

"दिसली! माथ्यावर आहे. दोरी आवळतेय... बसली, बसली!"

टपालवाल्याने हॉर्नवरचं बोट काढलंच नाही. सून वळून बघते तो सासरा चालत्या गाडीवरून उतरू पाहतोय.

"अहो बाबा, पडाल! घरी काय झालं?"

त्याने मागच्या टायरला तळहात लावला आणि चटका बसल्यागत मागे घेतला. "उतार उतरू नकोस. चुकीचं टायर घातलं मी."

"तुम्ही? आणि चुकलात?"

"आकडा दिसला नाही, पोरी. दीड वर्ष झालं, दिसत नाही."

ती खाली उताराची वळणं बघत राहिली. मग गाडी स्टँडला लावून पहिला जार सोडायला लागली.

"धरा इकडून," ती म्हणाली. "आधी ओझं उतरवू. मग मला सगळं सांगायचं, एकही गोष्ट न लपवता."