घोडीवाल्या बाई

कुणाच्याही घरी स्वतः लिहिलेलं पुस्तक दिसलं की आमच्या घोडीवाल्या बाई आधी पेन मागायच्या. मुखपृष्ठावर चित्रकाराने उंच, देखणी घोडी काढली होती. बाई तिच्या डाव्या कानाला पेनाने खाच पाडायच्या आणि मगच पुस्तक परत द्यायच्या. "माह्या चिमणी घोडीचा कान फाटका होता. उगा सजवून ठेवली तिले!"

बाई मंगरूळपीरजवळच्या आमच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. तरुणपणी त्यांनी मुलांसाठी एकच गोष्ट लिहिली. मळ्यातली भाजी बाजारात नेणारी चिमणी घरचे आमच्याकडच्याच मालेगावच्या व्यापाऱ्याला देऊन टाकतात, आणि ती एकटी वाट काढत परत येते. घरातली मुलगी दार उघडून तिच्या गळ्यात पडते. पुस्तक कधीचंच मिळेनासं झालं होतं. वर्गात एक प्रत होती, शिवून शिवून जाड झालेली.

मुलांना मजा वाटेल, घोडीला बोलायला लावा, असं प्रकाशकाने कळवलं होतं. तो किस्सा बाई रंगवून सांगत. "मी लिहून धाडलं, माह्यी घोडी बोलत नव्हती, आयकत होती. छापायचं तं तसंच छापा." त्याने तसंच छापलं.

चौथीत असताना, व्यापारी चिमणीला चाबूक मारतो त्या पानावर मी रडत पुस्तक मिटलं. बाई शेजारी येऊन बसल्या. "मिटू नको. तू थांबली तं ती तिथंच मार खाऊन राह्यली समज. चाल तिच्यासंग." मी पुढे वाचलं. आज मी स्वतः शिक्षिका आहे, त्याची सुरुवात बहुधा तिथेच झाली.

गेल्या वर्षी बाईंनी अंथरूण धरलं. मी उशाशी बसून त्यांना तीच गोष्ट वाचून दाखवत होते. शेवटचं पान आलं तसा त्यांनी माझा हात धरला.

"हे मी खोटं लिवलं."

"म्हणजे चिमणी परत आलीच नाही?"

"आली ना. दाराले डोकं घासून राह्यली होती. घरी मी एकटीच. बाबांनी बजावलं होतं, दिलेलं जनावर हाये, आली तं उघडू नको. मी आतून कडी धरून उभी राह्यली. मंग त्या व्यापाऱ्याची मानसं आली अन् घेऊन गेली."

"तुम्ही लहान होता, बाई."

"तिले काय माहीत ते?" शेवटच्या पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "पुस्तकातली पोरगी माह्यापेक्षा बरी निंघाली."

महिनाभरात बाई गेल्या. आता मी माझ्या वर्गाला ती गोष्ट वाचून दाखवते. मुलगी दार उघडते तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात. खरं काय झालं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. टाळ्या थांबेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभी राहते.